हलकं कोरियन मॉइश्चरायझर घेण्याआधी डबीची मागची बाजू अशी वाचा

कोरियन किंवा जपानी मॉइश्चरायझर पहिल्यांदा लावणाऱ्याच्या तोंडून बहुतेक वेळा एकच वाक्य निघतं: अरे, काही लावलंय असं वाटतच नाही! मे महिन्यात जाड क्रीम घामाबरोबर गळ्यापर्यंत ओघळतं त्या मुंबई-कोकणातल्या माणसाला ही केवढी सोय. पण हा हलकेपणा येतो कशातून आणि त्यापायी सोडावं काय लागतं, हे पैसे मोजण्याआधी कळलेलं बरं. डबीच्या पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत ज्याचं नाव असतं, त्याचा या हलकेपणाशी फारसा संबंध नसतो. खरं काम करणारी मंडळी मागच्या बाजूला, भिंगातून वाचावं लागेल इतक्या बारीक अक्षरांत असतात.

उदाहरणासाठी मी कॉसआरएक्स या कोरियन ब्रँडचं ‘ॲडव्हान्स्ड स्नेल ९२ ऑल इन वन क्रीम’ घेतलंय. हो, स्नेल म्हणजे गोगलगाय. ते घ्याच असं मला सुचवायचं नाही. त्याची घटकयादी आखूड आहे आणि शिकायला फार सोयीची आहे, म्हणून ते निवडलं. हीच पद्धत कुठल्याही जेल क्रीमला लावता येईल.

आधी स्वतःचा चेहरा बघा

नेहमीच्या फेसवॉशने चेहरा धुवा, टिपून कोरडा करा आणि तासभर काहीही लावू नका. मग आरशासमोर या. सगळा चेहरा ओढल्यासारखा वाटत असेल तर त्वचा कोरडी. कपाळ आणि नाक चमकतंय पण गाल ओढतायत, तर मिश्र. सगळीकडेच तेल सुटलं असेल तर तेलकट. चौथा प्रकार पुष्कळांच्या लक्षात येत नाही: वरून तेलकट, तरी आतून ओढ. अशा त्वचेत तेल असतं, पाणी कमी पडतं. हलकी जेल क्रीमं खरी याच लोकांना मानवतात.

ही परीक्षा आपण दिवसाचा जास्त वेळ जिथे घालवतो तिथे करा. एकच चेहरा जूनमधल्या रत्नागिरीत वेगळा वागतो, जानेवारीतल्या नागपुरात वेगळा आणि एसी ऑफिसात बाराही महिने तिसऱ्याच तऱ्हेने. गालांची सालं निघत असतील तर हलकं जेल एकट्याने पुरणार नाही. जाडसर क्रीम घ्या, पुढचं वाचण्याचे कष्टही वाचतील.

लोशन, इमल्शन, जेल: गोंधळ इथेच होतो

आपल्याकडे लोशन म्हणजे हातापायांना लावायचं पांढरं, दाट दूध. जपानी बाटलीवर लोशन असं लिहिलेलं असेल तर आत बहुतेक वेळा पाण्यासारखा पातळ द्रव निघतो. ओसाकाच्या रोहतो या औषध कंपनीचं ‘हाडा लाबो गोकुज्युन’ हे त्यातलं सर्वांत माहितीचं नाव. ते तळहातावर घेऊन ओलसर चेहऱ्यावर थोपटायचं असतं आणि त्यावर दुधासारखं पातळ इमल्शन किंवा क्रीम लावायचं असतं. नुसतं तेच लावून ‘याने काहीच होत नाही’ म्हणणाऱ्यांनी अर्धाच विधी केलेला असतो. कोरियात उलट, लोशन किंवा इमल्शन म्हणजे खरोखर हलकं, दुधाळ मॉइश्चरायझर. जेल क्रीम त्याहून थोडं घट्ट.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. ही क्रीमं थरांच्या पद्धतीसाठी बनलेली असतात: आधी टोनर आणि इसेन्स हे पातळ द्रव, मग थोडं दाट सीरम, शेवटी क्रीम. खालचे थर पाणी देणार हे धरून वरचा थर हलका ठेवलेला असतो. आपण फेसवॉशनंतर थेट क्रीमच लावणार असू, तर त्या एकट्या थराच्या जोरावरच त्याचा हिशेब करायला हवा.

यादी वाचायची कशी

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. जास्त असलेला आधी. जपानमध्ये सगळे घटक छापणं २००१ पासून सक्तीचं आहे, कोरियात २००८ पासून. एक मोठी सवलत आहे: एक टक्क्याहून कमी असलेले घटक कंपनी हव्या त्या क्रमाने लिहू शकते. ही सवलत विसरलात तर यादी तुम्हाला सहज फसवेल.

आता आपल्या डबीची यादी: स्नेल सिक्रीशन फिल्ट्रेट, बीटेन, कॅप्रिलिक-कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, सिटिअरिल ऑलिव्हेट, सॉर्बिटन ऑलिव्हेट, सोडियम हायलुरोनेट, सिटिअरिल अल्कोहोल, स्टिअरिक ॲसिड, आर्जिनीन, डायमेथिकोन, कार्बोमर, पॅन्थेनॉल, ॲलनटॉइन, सोडियम पॉलिॲक्रिलेट, झॅन्थन गम, इथिल हेक्झेनडायॉल, ॲडेनोसीन, फिनॉक्सिइथेनॉल. कंपन्या अधूनमधून घटक बदलतात, तेव्हा तुमच्या हातातल्या डबीवर जे छापलंय तेच खरं.

पहिलं नाव गोगलगायीच्या स्रावाचं, ९२ टक्के. आकडा ऐकून माणूस दचकतो किंवा भाळतो. पण हा गाळलेला द्रव आहे आणि त्यातला मोठा भाग पाणीच आहे. पातेलंभर कट आहे म्हणून पातेलंभर डाळ शिजवली असं कुणी म्हणत नाही, तसंच हे. यादीत वेगळं पाणी दिसत नाही त्याचं कारणही हेच: पाणी या पहिल्या नावातच आहे. ‘७० टक्के अमुक अर्क’, ‘८० टक्के तमुक रस’ अशा सगळ्या कोरियन आकड्यांकडे याच नजरेने पाहा. त्या द्रवात मूळ पदार्थ किती, हे तो आकडा सांगत नाही.

दुसरं बीटेन, शुगर बीटपासून मिळणारं. ते पाणी धरून ठेवतं आणि ग्लिसरीनपेक्षा कमी चिकट लागतं. दमट हवेतल्या माणसाला हा फरक लगेच जाणवतो. इतर डब्यांत याच जागी ग्लिसरीन, ब्युटिलीन ग्लायकॉल किंवा प्रोपेनडायॉल दिसेल. जपानी यादीत ब्युटिलीन ग्लायकॉल नुसतं ‘बीजी’ असं लिहितात. ते ओळखता आलं की निम्मी जपानी यादी सुटली.

तिसरं लांबलचक नाव म्हणजे नारळाच्या किंवा पामच्या तेलापासून वेगळं काढलेलं पातळ, रंगहीन, वासहीन तेल. त्वचा मऊ करणं हे त्याचं काम, आणि खोबरेल तेलाचा जडपणा त्यात नसतो. त्यापुढची दोन ऑलिव्हेटं ऑलिव्ह तेलातून येतात आणि तेल-पाणी एकजीव ठेवतात.

एक टक्क्याची रेघ

यादीत ही रेघ कुठे पडते ते शोधायचं, कारण तिच्या खालचा क्रम विश्वासाचा नसतो. शोधायला एक सोपी खूण आहे. क्रीम खराब होऊ न देणाऱ्या फिनॉक्सिइथेनॉल या संरक्षकाची कमाल मर्यादा युरोप, जपान आणि कोरिया तिन्हीकडे १ टक्का आहे. तेव्हा ते यादीच्या मध्ये दिसलं तर त्याच्या नंतरचं सगळं एक टक्का किंवा त्याहून कमी. पुढच्या बाजूला ज्याचा उदो उदो चाललाय तो घटक फिनॉक्सिइथेनॉलच्या मागे उभा असेल, तर पैसे जरा विचार करून द्या.

आपल्या डबीत मात्र ते अगदी शेवटी आहे, त्यामुळे ही खूण इथे उपयोगाची नाही. दुसरी वापरू. सोडियम हायलुरोनेटची (जाहिरातीतल्या हायलुरोनिक ॲसिडचंच हे रूप) पूड पाण्यात एक टक्का जरी घातली तरी पाण्याचा घट्ट लगदा होतो, म्हणून क्रीममध्ये ती सहसा त्याहून बरीच कमी असते. यादीत ती सहावी आहे. म्हणजे रेघ बहुधा इथे किंवा याच्या थोडी वरच पडते. आता तिच्या खाली कोण आहे बघा: सिटिअरिल अल्कोहोल आणि स्टिअरिक ॲसिड. हे मेणासारखे घट्ट पदार्थ, क्रीमला जाडी देणारे. नेहमीच्या जाड क्रीममध्ये ते यादीत बरेच वर असतात. इथे चिमूटभर आहेत. डायमेथिकोन हे त्वचेवर पातळ, रेशमी थर देणारं सिलिकॉनही तितकंच. हे क्रीम हलकं का, याचं निम्मं उत्तर इथेच मिळालं, आणि गोगलगायीचा त्यात काही हात नाही.

अर्थात रेघेखालचं सगळंच शोभेचं असतं असं नाही. ॲडेनोसीन शेवटून दुसरं आहे, पण कोरियाच्या ‘फंक्शनल’, म्हणजे ठरावीक परिणामाचा दावा करणाऱ्या, सौंदर्यप्रसाधनांच्या नियमांत सुरकुत्यांसाठी त्याचं ठरलेलं प्रमाणच ०.०४ टक्के आहे. त्याच नियमांत रंग उजळण्याच्या दाव्यासाठी नायसिनमाइड (बी-३ जीवनसत्त्वाचं एक रूप) २ ते ५ टक्के लागतं. म्हणून नायसिनमाइडच्या जोरावर तो अधिकृत दावा करणाऱ्या कोरियन क्रीममध्ये ते किमान २ टक्के आहे असं धरायला हरकत नाही. जपानमध्ये ‘क्वाझी-ड्रग’, म्हणजे औषध आणि प्रसाधन यांच्या मधला प्रकार, म्हणून नोंदलेल्या वस्तूंची गोष्ट निराळी. तिथे क्रियाशील घटक आधी लिहितात आणि बाकीचे मागाहून, त्यामुळे उतरत्या क्रमाचा हा सगळा हिशेब तिथे लागू पडत नाही.

हलकेपणाची दुसरी बाजू: जेल

उरलेलं अर्धं उत्तर कार्बोमर, सोडियम पॉलिॲक्रिलेट आणि झॅन्थन गम या तिघांकडे. अगदी थोड्या प्रमाणात हे ढीगभर पाण्याला जेलचा आकार देतात. आर्जिनीन हे अमिनो आम्ल आहे, त्यामुळे यादीत त्याचं नाव वाचून पौष्टिक काहीतरी घातल्यासारखं वाटतं. पण कार्बोमर आम्लधर्मी असतं आणि ती आम्लता मोडल्याशिवाय फुगत नाही. ती मोडायला आर्जिनीन चालतं. अशा क्रीममध्ये त्याची मुख्य नोकरी तीच. इतर कोरियन जेलांत त्याच जागी ट्रोमेथामीन दिसेल.

घरी एक गंमत करून बघा. तळहातावर थोडं कार्बोमरचं जेल घ्या आणि त्यावर मिठाची चिमूट टाका. जेल मोडून पाणी सुटेल. त्वचेवरच्या घामातही मीठ असतंच. ‘लावताच पाण्याचे थेंब फुटतात’ अशी जाहिरात असलेल्या जेलांचं कौतुक करताना हे डोक्यात असू द्या.

याच मंडळींमुळे कधीकधी चेहऱ्यावर खोडरबराच्या चुऱ्यासारख्या बारीक गोळ्या येतात, विशेषतः वर सनस्क्रीन चोळलं की. क्रीम खराब निघालं असं समजून फेकू नका. कमी घ्या, पाच मिनिटं जिरू द्या, सनस्क्रीन चोळण्याऐवजी थोपटा. तरीही गोळ्या आल्या तर त्या दोघांचं जमत नाही एवढंच, त्यातलं एक बदला.

आणखी एक नाव शोधा: अल्कोहोल. काही जपानी जेलांत ते पहिल्या चार-पाचांत असतं, कधी ‘एथेनॉल’ या नावाने. ते उडून जातं, म्हणून थंड आणि हलकं वाटतं. तेलकट त्वचेला पुष्कळदा चालून जातं. कोरड्या किंवा चुरचुरणाऱ्या त्वचेने लांब राहावं. सिटिअरिल अल्कोहोलला मात्र याच्या पंगतीला बसवू नका. ते मेणासारखं असतं आणि त्वचा कोरडी करत नाही.

आता सोडायचं काय ते. मॉइश्चरायझरची कामं तीन: पाणी धरणं, त्वचा मऊ करणं आणि वरून झाकण घालून पाणी उडू न देणं. हलक्या जेलांत पहिलं काम उत्तम होतं, दुसरं बऱ्यापैकी, तिसरं जेमतेम. ऑगस्टमधल्या ठाण्यात झाकणाची गरजच पडत नाही, हवेतच पाणी आहे. डिसेंबरातल्या पुण्यात किंवा एसीत हेच जेल दोन-तीन तासांत संपल्यासारखं वाटेल. त्यावर उपाय स्वस्त आहे: चेहरा ओलसर असतानाच क्रीम लावा आणि रात्री फक्त गालांवर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवा.

पुढच्या बाजूवरची बडी नावं

सेंटेला आशियाटिका सध्या प्रत्येक दुसऱ्या कोरियन डबीवर आहे. ही आपल्याकडची कारिवणा. कोकणात पाणथळ जागी सहज सापडते. यादीत नुसता ‘अर्क’ असेल तर त्यातून किती काय आलं ते कळत नाही. मॅडेकॅसोसाइड, एशियाटिकोसाइड अशी त्यातून वेगळ्या काढलेल्या घटकांची नावं दिसली तर निदान नेमका घटक घातलाय एवढं तरी समजतं. तांदळाचं पाणी, ग्रीन टी, जिनसेंग यांनाही हाच निकष. ‘पाच प्रकारचं हायलुरोनिक ॲसिड’ वाचून मला तरी काही वाटत नाही. पाचही सहसा रेघेखालीच असतात. पॅन्थेनॉल आणि ॲलनटॉइन ही साधी, जुनी नावं त्यापेक्षा मला जास्त भरवशाची वाटतात, आणि त्यांची जाहिरात कमी होते.

संवेदनशील त्वचेच्या लोकांनी सुगंध आधी तपासावा. यादीत ‘फ्रेग्रन्स’, ‘पर्फ्यूम’ किंवा लिनालूल, लिमोनीन, सिट्रल अशी नावं येतात. ॲलर्जी आणू शकणारे २५ सुगंधी घटक ठरावीक प्रमाणापुढे असतील तर नावानिशी छापणं कोरियात २०२० पासून बंधनकारक आहे. तेलाचा वास ‘नैसर्गिक’ आहे म्हणून त्वचा त्याला माफ करत नाही.

शाकाहारी आणि जैन घरांत पुढचा प्रश्न हमखास येतो. गोगलगाय उघड आहे, पण मध, प्रोपोलिस (मधमाश्यांचा डिंक), कोलॅजन हेही प्राणिज. स्क्वॅलेन ऑलिव्ह किंवा उसापासूनही बनतं आणि शार्कच्या यकृतापासूनही. डबीवर ते वनस्पतीजन्य असल्याचा उल्लेख नसेल तर कंपनीला विचारून घ्या.

पावसाळ्यात कपाळावर सारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुटकुळ्या येत असतील तर त्या नेहमीच्या पिंपल्स नसून मॅलसेझिया या यीस्टमुळे आलेल्या असू शकतात. काही फॅटी ॲसिडं (तेलांतली आम्लं) आणि त्यांच्यापासून बनलेले एस्टर हे त्या यीस्टचं खाद्य. वरच्या यादीतली ऑलिव्हेटं त्याच गटातली. अशा वेळी क्रीम बदलत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञाला एकदा दाखवा.

डबी अस्सल आहे का

भारतात आयात केलेल्या सौंदर्यप्रसाधनांची सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियामकाकडे नोंदणी लागते, आणि २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सनुसार लेबलवर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि ते ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव-पत्ता असावा लागतो. हा स्टिकर नसेल तर माल अधिकृत वाटेने आलेला नाही. तो बनावटच असतो असं नाही. कोणीतरी सोलहून बॅगेत आणलेला असू शकतो. पण तक्रार करायला पत्ता उरत नाही.

तारखांची गंमत वेगळीच. कोरियन डबीवर वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असतो. कधी ती उत्पादनाची तारीख असते, कधी मुदतीची, आणि शेजारी कोरियन लिपीत एखादाच शब्द. फोनचा कॅमेरा लावून भाषांतर करा: ‘पर्यंत’ असा अर्थ निघाला तर मुदत, ‘उत्पादन’ निघाला तर उत्पादनाची तारीख. हे न करता चांगला माल मुदतबाह्य समजून परत पाठवणारे पुष्कळ आहेत. न उघडता तीन वर्षांहून जास्त टिकणाऱ्या प्रसाधनावर जपानमध्ये मुदत छापावीच लागत नाही, तेव्हा जपानी बाटलीवर ती दिसली नाही तर घाबरू नका. उघड्या डबीच्या चित्रात १२ आकडा आणि पुढे एम असेल तर उघडल्यापासून बारा महिने.

लावून बघण्याची रीत

पहिल्याच दिवशी तोंडभर लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर लावा. खाज, लाली, पुरळ काही आलं नाही तर जबड्याच्या कडेला दोन-तीन दिवस. मग चेहरा. या काळात दुसरी कुठलीही नवी वस्तू सुरू करायची नाही, नाहीतर दोष कुणाचा ते कळणार नाही.

चेहऱ्यावर लावताना मी अर्ध्या चेहऱ्याची पद्धत सुचवेन: डाव्या बाजूला नवं, उजव्या बाजूला रोजचं. लावल्या लावल्या मत बनवू नका. त्या क्षणाला सगळीच जेलं छान वाटतात. चार तासांनी दोन्ही गालांवर टिश्यू दाबून बघा, हसून बघा, गाल फुगवून बघा. ओढ कुठे आहे, तेल कुठे आहे? एसीतला एक दिवस आणि उन्हातला एक दिवस, असे दोन्ही धरा. पुटकुळ्यांचा निकाल लागायला मात्र काही आठवडे लागतात.

‘ऑल इन वन’ या शब्दांत सनस्क्रीन येत नाही. आपल्या यादीत उन्हापासून वाचवणारा एकही घटक नाही, तेव्हा दिवसा वरून सनस्क्रीन हवंच.

किमतीची तुलना डबीवरून न करता दर १० ग्रॅममागे करा. बरीच कोरियन जेल क्रीमं ५० मिलीची असतात, हे १०० ग्रॅमचं, त्यामुळे दुकानात शेजारी ठेवलं की महाग वाटतं आणि भागाकार केला की तसं राहत नाही. डबीत बोटं घालण्याऐवजी छोटा चमचा वापरा आणि ती बाथरूमच्या वाफेत ठेवू नका. आणि महिन्याभराने चेहऱ्याला नाहीच मानवलं, पण खाज-पुरळही नसेल, तर मानेला आणि हातांना लावून संपवा.